कुत्र्याला रस्ता माहीत नसतो

इंग्लंडात लेस्टरला माझ्या आंधळ्या मावसबहिणीकडे तीन आठवडे राहिलो होतो. एका सकाळी तिच्या ऑफिसकडे निघालो होतो: पुढे ती आणि तिची कुत्री, मागे चार पावलांवर मी. कोपऱ्यावर एक आजी थांबल्या. कुत्रीकडे डोळे भरून बघितलं आणि बहिणीला म्हणाल्या, "किती हुशार आहे हो! रोज बरोबर कामावर पोचवते ना तुम्हाला?" बहीण गोड हसून हो म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर मराठीत पुटपुटली, "दादा, हिला माझं ऑफिस कुठंय ते माहीत नाही. ते मला माहीत आहे. हिला फक्त खांब कळतात."

मी नोकरीत असताना रस्त्यांची कामं बघायचो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. सगळी हयात खांब, डीपी, चेंबर आणि फुटपाथ यांच्या संगतीत गेली. त्यामुळे खांबांचा विषय निघाला की माझे कान उभे राहतात.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी गाइड डॉगचा, म्हणजे आंधळ्या माणसाला चालताना सांभाळणाऱ्या शिकवलेल्या कुत्र्याचा, व्हिडिओ येतो. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, "माणसापेक्षा मुकं जनावर बरं" असं कोणीतरी लिहितं, आणि मग कोणीतरी विचारतं, आपल्याकडे हे का नाही? उत्तरही ठरलेलं असतं. आपल्या रस्त्यांवर शक्यच नाही. मग दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातपर्यंत ग्रुप शांत. हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली आहे, असं माझं मत लेस्टरला झालं. ते का झालं ते सांगायचं तर आधी त्या कुत्रीचा दिवस सांगायला हवा.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. बहिणीची तशी ताकीदच आहे. रस्त्यात कोणी नावानं हाक मारली की कुत्रीचं लक्ष जातं, आणि तिचं लक्ष गेलं की बहिणीचं कपाळ फांदीवर जातं. फारच कोणी खोदून विचारलं तर बहीण बेधडक खोटं नाव सांगते. शिवाय 'कुत्री' हा शब्द मराठीत शिवीसारखाच वाजतो, म्हणून घरात ती नुसती 'ही'. वर्तमानपत्रवाले 'मार्गदर्शक श्वान' लिहितात. आपल्याकडे कुत्रं कामाला लागलं की श्वान होतं. पोलिसांतलं श्वानपथक असतं आणि गल्लीतलं ते कुत्रंच.

सकाळी साडेसहाला मोजून मापून खाणं. मग मागच्या अंगणात जाऊन बहीण म्हणते, "बिझी, बिझी." हा शी-शूचा हुकूम आहे, लहानपणापासून शिकवलेला. रस्त्यात मध्येच नको म्हणून ते काम वेळेवर आणि सांगितल्यावर. मला वाटलं, आता पुढचं मला करावं लागणार. पण बहिणीनं कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला, पाठीचा बाक कसा होतो त्यावरून काय चाललंय आणि साधारण कुठं चाललंय ते ओळखलं, हातात पिशवी उलटी चढवली, वाकून नेमकं उचललं, गाठ मारली. पूर्ण आंधळी बाई. आमच्या कॉलनीतले दोन डोळे धड असलेले लोक रोज सकाळी आपापली जर्मन शेफर्ड दुसऱ्याच्या फाटकासमोर बसवून आभाळाकडे बघत उभे असतात, त्यांची मला फार आठवण झाली.

मग हार्नेस, म्हणजे कुत्रीच्या अंगावर चढवायचा मूठ असलेला साज. बहीण तो पुढ्यात धरते आणि ही आपणहून त्यात डोकं घालते. तेवढ्यानं प्राण्याची चाल बदलते. दोन मिनिटांपूर्वी माझा मोजा पळवणारं लॅब्राडोर एकदम हजेरीपटावर सही केलेल्या माणसासारखं वागू लागतं. ती नेहमी डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे. हार्नेसची मूठ पट्ट्यासारखी लोंबती नसते, कडक असते. त्यामुळे कुत्रीचे खांदे जरा उजवीकडे झुकले तरी ते बहिणीच्या मनगटाला कळतं. समोर सायकल आडवी लावली असेल, कचऱ्याचा डबा असेल, दुकानाची पाटी फुटपाथवर आली असेल, तर ही वळसा घेते आणि तो वळसा दोघींचा मिळून असतो. बहिणीची उंची धरून असतो. हिच्या स्वतःच्या डोक्याच्या बऱ्याच वर असलेल्या फांदीलाही ही वळसा घालते. कारण ती फांदी हिला लागणार नाही, बहिणीला लागेल. हे मी दोनदा मुद्दाम पाहिलं.

फुटपाथ संपला की थांबते. कडेला पुढचे पाय टेकवून उभी. आता पुढं काय, हे ठरवणं बहिणीचं. कुत्र्याला सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही. ते त्याचं कामच नाही. तिथल्या सिग्नलच्या खांबावर बटणाची पेटी असते. "फाइंड द बॉक्स" म्हटलं की ही पेटीशी नेते. पेटीच्या तळाशी शंकूसारखा एक छोटा खिळा असतो, चालायचा दिवा लागला की तो गरगर फिरतो. बहीण त्यावर बोट ठेवून उभी राहते. मी रस्त्यांच्या कामात हयात घालवली आणि असा काही खिळा जगात आहे हे मला साठीनंतर कळलं.

जिथं सिग्नल नाही तिथं ती कानानं ठरवते. गाड्यांचा आवाज कुठून कुठं गेला, थांबला की मंदावला, मग "फॉरवर्ड". एकदा असं "फॉरवर्ड" म्हटलं आणि ही हललीच नाही. बहिणीनं पुन्हा नाही म्हटलं. गप्प उभी राहिली. एका घराच्या दारातून विजेवरची गाडी उलटी येत होती, अजिबात आवाज न करता. मला दिसली होती, पण मी शब्द उच्चारायच्या आत कुत्रीनं निर्णय घेतलेला होता. हुकूम पाळणं कुठलंही कुत्रं शिकतं. कुठला हुकूम मोडायचा, हे शिकवायला महिने जातात, आणि पुष्कळ पिल्लं त्यातच गळतात.

तर कुत्रीचं काम हे एवढं. अडथळा टाळणं, कड दाखवणं, दार-जिना-खुर्ची शोधून देणं आणि वेळ पडली तर ऐकायचं नाही. रोजचा रस्ता तिला सवयीनं पाठ होतो हे खरं, पण ती उलट डोकेदुखी. शनिवारी बाजारात जायचं असलं तरी ही इमानानं ऑफिसच्या गल्लीत वळायला बघते आणि बहिणीला दटावावं लागतं. बाकी सगळा नकाशा बहिणीच्या डोक्यात. तीन उतार गेले की लाँड्रीच्या जाळीतून गरम हवा पायावर येते, तिथून डावीकडे. मग रस्ता किंचित चढतो. मग दोन्ही बाजूंच्या भिंती संपतात आणि आवाज मोकळा होतो, म्हणजे चौक आला. चालताना ती गप्पा मारत नाही. मारल्या तर मोजणी चुकते.

ही पद्धत कशी सुरू झाली तेही इथं सांगण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी अशी पहिली शाळा काढली. डोरोथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडात शेफर्ड कुत्री वाढवायच्या. त्यांनी जर्मनीतलं हे काम पाहिलं आणि १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक नावाच्या एकोणीस वर्षांच्या आंधळ्या तरुणाला वडिलांनी तो वाचून दाखवला. हा मुलगा तोवर बाहेर पडायला एक पोऱ्या पगारावर ठेवायचा आणि पोऱ्या कंटाळला की याची अडचण व्हायची. त्यानं बाईंना पत्र टाकलं. बोटीनं तिकडं जाताना त्याला अक्षरशः पार्सलासारखं या हातातून त्या हातात दिलं गेलं. १९२८च्या जूनमध्ये 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला आणि पत्रकारांच्या समोर तिथला रुंद, वाहता वेस्ट स्ट्रीट स्वतः ओलांडून गेला. बाईंना त्यानं तार केली एका शब्दाची: सक्सेस. पुढच्याच वर्षी, १९२९ला, 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली.

या गोष्टीतला पार्सलाचा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे आंधळ्या माणसाचा प्रवास अजून तसाच चालतो, फक्त पार्सल नेणारे हात घरचे असतात.

बहिणीचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, विसाव्या वर्षापर्यंत उजेड-अंधार एवढंच उरलं. मावशीचं घर आमच्याच शहरात. मावशीनं पोरीला फुलासारखं जपलं. कॉलेजात पोचवायला भाऊ, आणायला भाऊ, गिरणीत जायचं तर शेजारची काकू. पांढरी काठी घरात होती. ती कपाटाच्या मागे. "आम्ही आहोत ना" हे वाक्य त्या घरात मी शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला ते चांगुलपणाचंच वाटलं. तेविसाव्या वर्षी भांडून ती मुंबईला एका संस्थेत राहायला गेली. तिथं काठी कशी धरायची, पाऊल आणि टोक यांचा ताल कसा ठेवायचा, आवाजावरून भिंत किती लांब आहे ते कसं ओळखायचं, हे सगळं शिकली. या शिक्षणाला त्या वर्तुळात 'मोबिलिटी' म्हणतात. शिकवणारा शिक्षक मागे पंधरा फुटांवर गप्प चालत असतो. गप्प राहणं हीच त्याची विद्या.

इंग्लंडात लग्न होऊन गेल्यावर काही वर्षांनी तिनं कुत्र्यासाठी अर्ज केला, तेव्हा संस्थेच्या बाईंनी घरी येऊन पहिलाच प्रश्न केला: तुम्ही कुठं कुठं जाता? आंधळेपणाची टक्केवारी, उत्पन्नाचा दाखला, तहसीलदाराचा शिक्का वगैरे काही नाही. कुठं जाता, कशा जाता, चालण्याचा वेग किती, घर केवढं. त्यांनी तिला काठीवर चालायला लावलं आणि मागून बघितलं. ज्याला काठीनं नीट हिंडता येतं, ज्याचे स्वतःचे चार रस्ते डोक्यात पक्के आहेत, त्यालाच कुत्रा पेलतो. कारण उघड आहे. दोघांपैकी एकाला तरी रस्ता माहीत हवा.

बहीण म्हणाली, "दादा, विसाव्या वर्षी मला कोणी हा प्रश्न विचारला असता ना, तर माझं उत्तर होतं, कुठंच नाही."

आता ग्रुपवरच्या उत्तराकडे येतो. आपल्या रस्त्यांवर शक्य नाही. त्यात खरं किती? पुष्कळ. भटकी कुत्री आपली हद्द सांभाळून असतात. परकं कुत्रं दिसलं की चारी बाजूंनी येतात, आणि हार्नेसमधल्या कुत्र्यानं त्यांना उत्तर द्यायचं नसतं. मे महिन्यात दुपारी डांबरावर अनवाणी पाऊल ठेवून बघा, मग लॅब्राडोरच्या तळव्यांचं बोलू. कुत्रं फुटपाथच्या कडेला थांबतं म्हणून तर माणसाला रस्ता कुठं सुरू झाला ते कळतं. आपल्याकडे कड कुठं गुडघ्याएवढी, कुठं जमिनीत गडप, आणि कुठं फुटपाथच नाही. खुद्द इंग्लंडात सुशोभीकरणाच्या नादात काही रस्त्यांची कड काढून सगळं सपाट केलं, तेव्हा आंधळ्यांच्या संघटना भांडायला उठल्या आणि शेवटी २०१८ साली सरकारनं अशी नवी कामं थांबवायला सांगितलं. आणि हॉर्न. बहिणीचा सगळा हिशेब आवाजावर चालतो. आमच्या मुख्य चौकात ती उभी राहिली तर तिला ऐकू येईल ते म्हणजे एक सलग भोंगा.

हे सगळं मान्य. पण मग पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. दोन वर्षं शिकवलेल्या, निवडून घेतलेल्या कुत्र्याला जो रस्ता झेपणार नाही असं आपण इतक्या सहज म्हणतो, तो रस्ता काठीवर चालणाऱ्या माणसाला कसा झेपतो? २०११च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधित म्हणून नोंदलेले पन्नास लाख लोक आहेत. त्यांना आपण याच रस्त्यावर सोडलंय. किंवा सोडलेलं नाही, घरात ठेवलंय.

इथं मला माझं एक काम कबूल करायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका रस्त्याच्या फुटपाथला पिवळ्या टॅक्टाइल, म्हणजे पायाला कळणाऱ्या उंचवट्यांच्या, टाइल बसवायचं काम निघालं. टाइलची कल्पना जपानची. सेइइची मियाके यांची. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. तिची भाषा अगदी सोपी आहे: लांब उंचवटे म्हणजे असेच चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथं काहीतरी आहे. आमच्या निविदेत मात्र फक्त 'पिवळी टाइल, प्रति चौरस मीटर' एवढंच होतं. ठेकेदाराला लांब पट्ट्यांची टाइल कमी पडली, त्यानं उरलेल्या जागी ठिपक्यांची बसवली. म्हणजे पायानं वाचणाऱ्या माणसाला तो फुटपाथ सांगत होता: थांबा, थांबा, थांबा, थांबा, दीडशे मीटर. शेवटी ती पिवळी रेघ सरळ महावितरणच्या डीपीला जाऊन टेकत होती. मी टेप लावून चौरस मीटर मोजले, मोजमाप पुस्तकात लिहिले, सही केली. बिल निघालं. चौरस मीटर अचूक होते. त्या रेघेवर कोणी चालणार आहे, हे माझ्या मनातही आलं नाही, आणि माझ्यावर असलेल्या एकाही साहेबाच्या मनात आलं नाही.

मी हे लेस्टरला बहिणीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "त्या डीपीला कुंपण तरी होतं का रे?" नव्हतं.

म्हणून मला वाटतं, कुत्रा आणायचा की नाही, यावर भांडण्यात आपण चुकीच्या गोष्टीवर जीव ओततोय. कुत्रा गोंडस असतो, त्याच्या व्हिडिओवर देणगी मिळते, उद्घाटनाला फोटो छान येतो. उद्या एखाद्या कंपनीनं सामाजिक निधीतून चार लॅब्राडोर आणून चार जणांना वाटले तर पहिल्या पानावर बातमी येईल. आणि सहा महिन्यांनी ती चारही कुत्री घरातली लाडकी होऊन सोफ्यावर झोपलेली असतील, कारण त्यांच्या मालकांना कुठं जायचंय हे कोणी विचारलेलंच नसेल. त्याच पैशात जिल्ह्याच्या गावी एक मोबिलिटी शिक्षक कायमचा नेमता येईल. तो वर्षाला किती जणांना घराबाहेर काढेल याचा आकडा मी देत नाही, पण चारपेक्षा तो मोठा असणार हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

सगळ्यांना कुत्रा हवाच असतो असंही नाही. इंग्लंडातसुद्धा लाखो दृष्टिबाधितांमध्ये गाइड डॉग वापरणारे काही हजारच आहेत. मुंबईत बहिणीच्या त्या संस्थेतल्या एका मित्राला मी फोनवर विचारलं, तुला मिळाला तर घेशील का? तो म्हणाला, "चाळीत दहा बाय बाराची खोली, आम्ही पाच जण. कुत्रा कुठं झोपणार, माझ्या डोक्यावर?" हा माणूस वीस वर्षं डोंबिवलीहून लोकलनं कामाला जातोय. फलाटावर दिव्यांगांच्या डब्यासमोर एक बीप-बीप वाजणारं यंत्र लावलेलं असतं. त्या आवाजाशी जाऊन उभं राहिलं की डबा समोर येतो. बाकी सगळं, गर्दी, जिने, पूल, रिक्षांची रांग, तो काठीनं आणि कानानं भागवतो. त्याची तक्रार एकच: बीप बंद पडलं की आठवडा आठवडा बंद असतं. मुंबईची लोकल कोणाच्याही मते सोयीची जागा नाही. पण तिथं एक खूण पुष्कळ दिवस ठरल्या जागी मिळते आणि तेवढ्यावर हजारो आंधळी माणसं रोज एकट्यानं नोकरी-धंद्याला जातात. त्यांना कुत्रा मिळालेला नाही, व्हिडिओही निघालेला नाही.

मग काय, कुत्र्यांचा विषय बासनात गुंडाळायचा? इथं माझ्याशी सहमत होणारे अनेक जण माझ्यापासून वेगळे होतील. कायद्यात मात्र त्याची सोय आत्ताच हवी, एकही कुत्रा नसताना हवी, असं माझं म्हणणं आहे.

लेस्टरलाच एका संध्याकाळी पाऊस होता म्हणून बहिणीनं टॅक्सी मागवली. गाडी आली, ड्रायव्हरनं काच अर्धी खाली केली, कुत्री बघितली, "ॲलर्जी" म्हणाला आणि निघून गेला. आम्ही भिजत उभे. तिथं २०१०चा समानता कायदा आहे. टॅक्सीवाल्याला असा कुत्रा नाकारता येत नाही, जादा पैसे मागता येत नाहीत, खरोखर ॲलर्जी असेल तर डॉक्टरी आधारावर सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र गाडीत लावावं लागतं, आणि नाकारलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. एवढं असून हे होतं, वर्षातून अनेकदा होतं. पण बहीण रडली नाही, तिनं कोणाच्या विनवण्या केल्या नाहीत. फोन काढला, बुकिंगचा क्रमांक, वेळ, ठिकाण बोलून नोंदवलं आणि दुसरी गाडी मागवली. तक्रार पुढं गेली. तिच्या आवाजात जो थंडपणा होता तो कायद्यानं दिलेला होता.

आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या, असं त्यात लिहिलंय. नियम २०१७चे, मुदत केव्हाच उलटली. राजीव रातुरी या दृष्टिबाधित अर्जदारानं २००५ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात २०२४च्या नोव्हेंबरात न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की सुगमतेची मानकं नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, किमान काही गोष्टी बंधनकारक हव्यात. नियम नव्यानं लिहायचेच आहेत तर त्यात दोन ओळी घाला: हार्नेसमधल्या प्रशिक्षित कुत्र्यासह आलेल्या दृष्टिबाधित व्यक्तीला बस, रेल्वे, रिक्षा, हॉटेल, दवाखाना, भाड्याचं घर नाकारता येणार नाही. हक्क त्या माणसाचा. कुत्र्याच्या कौतुकाचा इथं संबंध नाही. आज कोणालाही साधं कुत्रं रेल्वेनं न्यायचं तर एसी फर्स्टचा कूपे घ्या किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका, अशी रीत आहे. डोळे पेटीत टाकून माणूस कुठं जाणार?

लोक याचा गैरफायदा घेतील, असं म्हणणारे भेटतीलच. घेतील. अमेरिकेत 'भावनिक आधाराचा प्राणी' म्हणून विमानात काय काय चढायला लागलं. शेवटी २०२०च्या डिसेंबरात तिथल्या वाहतूक खात्याला नियम आवळावे लागले. पण तिथला १९९०चा अपंगत्वाचा कायदा दुकानदाराला फक्त दोन प्रश्न विचारू देतो: हा प्राणी अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागायचे नाहीत, आजार विचारायचा नाही. आपल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना दोन प्रश्नांत भागवायची सवय लावणं हे कुत्रं शिकवण्याइतकंच कठीण आहे, पण अशक्य नाही. कायद्याच्या या दोन ओळींना खर्च शून्य आहे. आणि बहिणीसारखे जे परदेशातून येऊ पाहतात त्यांच्यासाठी तरी त्या आजच हव्यात.

कारण ती गेल्या डिसेंबरात आली तेव्हा कुत्रीला तिथल्याच एका स्वयंसेवक कुटुंबाकडे ठेवून आली. नऊ वर्षांची झाली आहे ती, वर्ष-दीड वर्षात निवृत्त होईल. बहीण त्यावर फार बोलत नाही. दुसरी कुत्री मिळेल, पण पहिलीला घरी ठेवून दुसरीला हार्नेस घालताना ही दारात उभी राहून बघेल, हे तिला आत्तापासून टोचतंय. बिचारीला राबवतात, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की हार्नेस पुढं धरल्यावर तिची शेपटी बघा.

तर ती आली, काठी घेऊन. मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिल्या दिवशी बहिणीनं जाहीर केलं की सकाळचं दूध मी आणणार. कोपऱ्यावरची डेअरी, जेमतेम दीडशे पावलं. मावशीनं डोळ्याला पदर लावला. दोन दिवस मी तिच्या मागून चाललो, पंधरा फुटांवर, तोंड बंद ठेवून. तोंड बंद ठेवणं काय असतं ते तेव्हा कळलं. गटाराच्या चेंबरचं झाकण हलतं तिथं ती थबकली, काठीनं चारही कडा तपासल्या, बाजूनं गेली. माझ्या घशात "जपून" आलेलं तसंच अडकलं. मोटारसायकली आडव्या, मंडपाचा एक बांबू अजून पुरलेला, गल्लीतलं म्हातारं कुत्रं वाटेत पसरलेलं. काठीची टकटक जवळ आल्यावर ते आळस देत उठलं आणि बाजूला जाऊन पडलं.

तिसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मावशी गॅलरीत कठड्याला धरून उभी, मी तिच्या शेजारी, दोघांनीही श्वास रोखलेला. अकरा मिनिटं लागली. बहीण वर आली, पिशवी ओट्यावर ठेवली, सुटे पैसे मोजून मावशीच्या हातात दिले.

"काही बोलला का गं तो?" मावशीनं विचारलं.

"विचारत होता, सोबत कोणी नाही का?"

"मग?"

"म्हटलं, अर्धाच लिटर घ्यायचंय."